काचेतली चप्पल

शैलेंद्रकाका,

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या प्रदर्शनात तुम्ही काचेत ठेवलेली कोल्हापुरी चप्पल काल पाहिली. खाली कार्ड होतं: 'अमेरिकेला गेलेला आमचा पहिला माल, १९५५. बनवणारे: आमचे वडील.'

साफ खोटं! तुमच्या वडिलांनी माल एक्स्पोर्ट केला, कातड्याला कधी बोटही लावलं नाही. चपलेवरची ती कातड्याची वेणी माझ्या आजीने घातलीय. शेवटचा टाका ती उलटा घालायची, तो काचेतूनही दिसतो. तिची चप्पल जहाजाने अमेरिकेला गेली, तिला मात्र तुमच्या ओट्यावर चढायला बंदी होती.

"तुझं गाव कुठलं गं?" तुम्ही विचारलंत. मी 'पुणे' म्हणाले, वर तुमच्या भाषणाला टाळ्याही वाजवल्या! त्याचीच जास्त चीड येतेय. हे पत्र मी पाठवणार नाही, पण इथे तरी पत्ता खरा लिहिते.

रत्नाबाईची नात भावना,
तुमच्या गोदामामागची वस्ती, कोल्हापूर