विजयाने भरलेली माझी प्रश्नावली

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ

आदरणीय मधुराताईंना भालचंद्रचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मी मात्र चार दिवस भीतीने अर्धा झालोय.

त्याचं असं झालं, ऑफिसात आमच्या कल्याणासाठी ताणमुक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण आलं. (कल्याण सक्तीचं. न केल्यास कारणे दाखवा नोटीस.) साहेबांनी बजावलं, "टेन्शन बिलकुल नहीं लेना है, वरना रिपोर्ट ऊपर जाएगी!" झालं! सुरुवातीलाच ताण मोजणारी प्रश्नावली. त्यात शेजारच्या टेबलावरच्या शैलेंद्रने सांगितलं, गुण जास्त पडले की सेवापुस्तकात ‘अनफिट’ शेरा बसतो. निवृत्तीला चौदा महिने उरलेत हो! मी तर पहिला प्रश्न न वाचताच लॅपटॉप मिटून घरी आणला.

आता आमच्या ऑफिसात ऑनलाइन परीक्षा स्वतः द्यायची रीतच नाही. कुणाची सून देते, कुणाचा जावई. मी म्हटलं, आपल्या घरात सगळ्यात शांत माणूस कोण? तर तुमची बहीण! (एकतीस वर्षांत आवाज चढवलेला नाही.) विजयापुढे लॅपटॉप ठेवला, मनाला येईल ते भर म्हटलं आणि निर्धास्त नेहरू नगरला भाजी आणायला गेलो.

निकाल आला. चाळीसपैकी सदतीस, लाल अक्षरांत ‘अतिजोखीम’! समुपदेशक बाईंचा फोन आला, आप अकेले में रोते हैं क्या? अख्खा सेक्शन कान टवकारून बसलेला. साहेब आता माझ्याशी हळू आवाजात बोलतात, त्याची तर जास्तच धास्ती वाटते. शेवटी निकाल चुकलाय अशी तक्रार करावी म्हणून उत्तरांचा कागद छापून घेतला आणि जिन्यातच वाचला. मनातलं कुणाशी बोलता? कुणाशीच नाही. रडू येतं? बहुतेक दुपारी. घरी तुमची विचारपूस कोण करतं? तिथे तिने ‘लागू नाही’ निवडलंय.

ताई, मला फार भीती वाटतेय.

आपला,
भालचंद्र

ता. क. शेरा गेला खड्ड्यात. तुम्ही पंधरा दिवस राहायला या, तिला बोलतं करा. मी बोलावलं म्हणून सांगू नका.

ता. क. दुसरा: तुम्ही म्हणाल, स्वतः का विचारत नाही? काल विचारलं, "विजया, तू बरी आहेस ना?" तिने घाबरून माझ्या कपाळाला हात लावला आणि थर्मामीटर शोधायला गेली.