चाकरांना लिहिलेलं पत्र

बाबा, तेच वचन पुन्हा काढलं त्यांनी. बायबलमधल्या पेत्राच्या पत्रातलं. चुकी नसताना मार सोसला तर ते देवाला आवडतं, ते. लोणारहून पोरीच्या सासरच्या चर्चचे पाळकसाहेब आले, संगं मंडळीचे दोन पंच. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, माझ्याच पोरीला सांगत होते की परत चल, सोसण्यात आशीर्वाद आहे. पोरगी आता एका कानानं ऐकते. दुसऱ्या कानाचा पडदा जावयानं फोडला. का, तर सासूचं दुखणं वाढलंय, दवाखान्यात न्या, एवढं ती म्हणाली. तशीच बुलढाण्याला गाडी बदलून मलकापूरला माझ्याकडे आली, अंगावरच्या कपड्यानिशी. पाळक बोलायला लागले की ती चांगला कान त्यांच्याकडे वळवायची. बाकी काय बोलणं झालं ते माझ्या डोक्यात राहिलं नाही, तेवढं मान वळवणं राहिलं.

एक पंच म्हणाला, "बाई, ख्रिस्तानं काय कमी सोसलं? फटके खाल्ले, लोकं तोंडावर थुंकले, एक शब्द बोलला नाही." मी म्हणलं, "हाव. पण त्याले मारणाऱ्याले कोणी देवळात पेटी वाजवाले बसवलं होतं काय?" जावई तिथं उपासनेला पेटी वाजवतो ना, गळा गोड आहे, म्हणून त्याला कोणी बोलत नाही. पंचानं कप खाली ठेवला. दुसरा हळूच म्हणाला, "या बाईचं तोंड पाह्यलं का?" आणि पाळक उठता उठता म्हणाले, "रविवारी उपासना आटोपली की गाडी घेऊन येतो. तिची पिशवी भरून ठेवा. तुमच्या वडिलांना आम्ही ओळखत होतो. ते असते तर हेच म्हणाले असते." हे शेवटचं बोलायला नको होतं त्यांनी. कारण ते खरं आहे.

म्हणून लिहायला बसले. नाहीतर मला कुठं सवय आहे. मी चौथी शिकलेली, शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दुपारी भांडी घासून झाली की पाय उचलत नाहीत. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, मुलांना मारू नये. रोज वाचते. वाचायला तुम्हीच शिकवलं, हे मी कधी नाकारणार नाही. शाळेतून काढलं तुम्हीच, आणि मग रोज संध्याकाळी जवळ बसवून, बोट एकेका अक्षरावर ठेवून नवा करार वाचून घेतला तोही तुम्हीच. नाताळला मला माझा स्वतःचा दिला, छोटा, लाल कडांचा. पोरीच्या जातीला असं पुस्तक आमच्या घरांच्या ओळीत कोणाच्या बापानं दिलं नव्हतं. मी ते उशाला घेऊन झोपायची.

पण तो दिवसही आहे बाबा. मी दहा वर्षांची. तुमचा डबा घेऊन मिशनच्या दवाखान्यात येते. तुम्ही वॉर्डात झाडता, रोग्यांची भांडी उचलता, ते आटोपून रिकामे व्हाल म्हणून मी थांबते. व्हरांड्यात मोठे साहेब. दोन ब्लँकेट सापडत नाहीत. साहेब काही विचारत नाहीत, सगळ्यांसमोर तुमच्या थोबाडीत देतात. तुमची टोपी पडते. तुम्ही ती उचलत नाही, हात जोडून उभे राहता. मी खांबाआड. डबा तसाच हातात. घरी येऊन मी आईला सांगितलं, शेजारीण बसली होती तिच्यासमोरच सांगितलं, "बाबाले साहेबानं मारलं वं, बाबानं काहीच नेलं नव्हतं." मी तुमच्या बाजूनं बोलत होते. लहान होते, पण तेवढं कळत होतं. संध्याकाळची प्रार्थना झाली, आमेन झालं, आणि तुम्ही ती रबराची नळी काढली, सुई द्यायच्या आधी दंडाला बांधायची ती. "चारचौघात बापाची शोभा करून राह्यली काय?" आई मधे आली तर तिलाही एक बसली. मग माझा सुजलेला हात धरून पुस्तकावर ठेवला. म्हणालात, "वाच." तेच वचन. चूक करून मार खाल्ला तर त्यात मोठेपण काय, बरं वागून खाल्ला तर देवापाशी मोल. मी वाचलं. बोट नीट सरकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ब्लँकेट धोब्याकडे सापडली. तुम्हाला कोणी काही म्हणलं नाही, आणि मला तुम्ही काही म्हणला नाहीत.

तेव्हापासून मी एवढंच धरून चालले की चुकलं तरी मार आणि नाही चुकलं तरी मार, फरक काय तो देवाला पडतो, पाठीला नाही.

पाळक गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुस्तक शाळेत नेलं. भात शिजेपर्यंत पायरीवर बसून वाचलं, तुमच्यासारखं बोट ठेवून, वचनाच्या थोडं वरपासून. तुम्ही कधी वरून वाचायला लावलं नाही. तिथं लिहिलंय, चाकरांनो. चाकरांना लिहिलंय ते बाबा. ज्यांचा धनी वाईट आहे, ज्यांना पळायला जागा नाही, त्यांना. तुम्हाला ते बरोबर पोचलं. त्या व्हरांड्यात तुमच्याजवळ दुसरं काय होतं, हे मला आता या वयात कळतं, आणि तुमच्यावर रागही धड धरता येत नाही. पण मारणाऱ्याला तिथं कुठं म्हणलंय की मार म्हणून? मार खाणाऱ्याला आलेलं पत्र मारणाऱ्यानं फोडून वाचावं, तसं केलं तुम्ही. मी तुमची चाकर नव्हते. पोरगी नवऱ्याची चाकर नाही. पाळक म्हणतील पुढं बायकांनाही लिहिलंय. हो, लिहिलंय. आणि त्याच्या खाली चार बोटांवर नवऱ्यांना लिहिलंय, बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनेला अडथळा येईल. एवढ्या वर्षांत हे मला कोणी पाठ करायला दिलं नाही. तुम्हाला तर सगळं वाचता येत होतं.

आता माझं ऐका. मागच्या वर्षी ती अशीच आली होती. तेव्हा कान शाबूत होता. मी तिला जवळ बसवलं, तिचं बोट धरून त्या वचनावर ठेवलं, वाच म्हणलं, आणि तिसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिलं. आता आल्यावर त्याबद्दल एक शब्द काढला नाही तिनं. काढला असता तर बरं झालं असतं.

या वेळी पिशवी भरणार नाही, असं मी ठरवलंय. पण पन्नाशीला आले तरी तुम्हाला विचारल्याशिवाय नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही, हेही खरं आहे. पंचांना मी काहीही बोलते, त्यांची मला भीती नाही. हा कागद कोणाला दाखवणार नाही, लिहून झाला की गॅसवर धरीन. पण वाचत असाल तर एकच सांगा. त्या दिवशी आईला खरं सांगितलं, ते माझं चुकलं होतं का? हो की नाही, एवढंच. रविवारी ते येतील. मला उत्तर शनिवारी दिवस मावळायच्या आत पाहिजे.