वाईचे ताजे बोंबील

॥ श्री ॥
मु. लोणावळे (तात्पुरता)
ता. २ नोव्हेंबर १९५७

ती. यशोदाताईस मनमोहनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

भाऊबीज आटोपून निघालो त्याला आठवडा झाला. आमची गाडी ठाकूरद्वारच्या नाक्यावर वळेपर्यंत तू गॅलरीत उभी होतीस, आणि ज्या नजरेने पाहत होतीस ती मी ओळखतो. लहानपणी साखरेचा डबा हलका लागला की तू माझ्याकडे अशीच पाहायचीस. तेव्हा तुझा संशय खरा असायचा हे कबूल. आता मी पंचावन्न वर्षांचा पेन्शनर आहे.

चाळीत विचारतील त्यांना सांग, की कचेरीतून सुटल्यावर मनमोहनने लष्कराच्या लिलावातली जुनी ॲम्ब्युलन्स घेतली, आत झोपायला दोन फळ्या, एक स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप बसवून तिचं घर केलं, आणि बायकोला मुलूख दाखवायला निघाला. माघात शकूचं लग्न झालं की घर खायला उठेल. त्याआधी थोडं फिरून घेतो, यात जगावेगळं काही नाही.

आमच्या भावी जावयांना, वीरेंद्ररावांना, अशीच गाडी करायची आहे असं शकू म्हणाली. त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द लिहितो. गाडी उभी केली की आधी ताटलीत पाणी घेऊन फळीवर ठेवावं. ज्या बाजूला पाणी कलेल त्या बाजूच्या चाकाखाली वीट सरकवावी, नाहीतर दूध उतू जातं आणि माणूस रात्रभर भिंतीकडे घसरत राहतो. झोपताना डोकं चढाच्या बाजूला. माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं की पाणी दुपारीही गार राहतं. रॉकेलचा डबा बाहेर, चाकामागे ठेवावा, आत ठेवला तर भातालाही वास लागतो. चिंचेखाली गाडी लावू नये.

गाडी एका जागी नसते, म्हणून तुझं उत्तर ट्रकवाल्या दगडूच्या परळच्या पत्त्यावर पाठव. तो माल घेऊन पुणे-सातारा करतो, आम्हाला गाठून पत्र देईल आणि आमचंही तिकडेच पेटीत टाकील. राजलक्ष्मी बरी आहे. शकूला आशीर्वाद.

लोभ आहे तेवढा असू दे, संशय मात्र निम्मा कर.
तुझा मनमोहन

॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई ४
ता. १२ नोव्हेंबर १९५७

चि. मनमोहन यास यशोदाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शकू खुशाल आहे. मी मात्र तुझं पत्र चारदा वाचलं आणि चारही वेळा कुठेतरी टोचलं, म्हणून स्पष्टच लिहिते.

पंचावन्न वर्षांत तू शीवच्या पलीकडे गेला नाहीस. कचेरीची सहल एकदा कार्ल्याला निघाली तर पोट दुखतं म्हणून घरी राहिलास. तो तू लेकीचं लग्न तीन महिन्यांवर आलं असताना देशाटनाला निघतोस. साड्या घ्यायच्या आहेत, याद्या करायच्या आहेत, संबाराचा मसाला कुटायचा आहे आणि मुलीची आई डोंगर बघत बसली आहे. दादरहून वीरेंद्रची आई सुभद्राबाई दोनदा चौकशी करून गेल्या. गोड बोलतात, पण विचारलं नेमकं, की मुलीच्या आईवडिलांचं आपसात काही बिनसलंय का, असेल तर आधी कळलेलं बरं. मी हसून वेळ मारून नेली. त्यांचाही मला भरवसा वाटत नाही. इतक्या गोड माणसांच्या मनात काय असतं ते सांगता येत नाही.

दुसरं, राजलक्ष्मीने पत्रात एक ओळ लिहिलेली नाही. चोवीस वर्षांत तू कुठलंही पत्र लिहिलंस तरी खाली तिची ‘वन्संना नमस्कार’ ही ओळ असायचीच. तिला माझा राग आला असेल तर तसं सांग. मी तिखट बोलते हे मला ठाऊक आहे. मला या दोन खोल्यांत ठेवून तुम्ही कुठे वेगळं बिऱ्हाड तर मांडत नाही ना? तसं असेल तर मी अडवणारी नाही, पण मला आडून कळायला नको.

वीरेंद्र विचारतो की खंडाळ्याच्या घाटात इंजिनातलं पाणी किती वेळा उकळलं, आणि गॅलनला किती मैल पडतात. त्याचं उत्तर दे. आणि दगडूच्या बायकोकडे, गंगुबाईकडे, पत्र तुम्हाला कसं पोचेल ते विचारायला मी गेले तर ती माझ्याशी बोलताना सारखी जमिनीकडे बघत होती. ते मला आवडलं नाही.

तब्येतीला जपा, आणि खरं लिहायची सवय मोडू नका.
यशोदा

॥ श्री ॥
मु. वाई
ता. ३० नोव्हेंबर १९५७

ती. यशोदाताईस मनमोहनचे सा. न. वि. वि.

किती शंका काढशील ताई. वेगळं बिऱ्हाड मांडायला हिंमत लागते, आणि ती तू माझ्यात कधी येऊ दिली नाहीस. राजलक्ष्मीच्या मनात तुझ्याविषयी काडीचाही राग नाही. तिच्या बोटाला स्टोव्हची पिन लागली आहे, म्हणून लिहीत नाही.

आज सकाळी महाबळेश्वरच्या बाजूला जाऊन आलो. काय शांतता सांगू. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. झाडाखाली सतरंजी टाकली, ही आडवी झाली, मी पेपर वाचला. मुंबईतल्या सभा, घोषणा आणि मोर्चे यांच्यानंतर कानांना बरं वाटलं.

वीरेंद्ररावांसाठी आणखी थोडं लिहितो. डब्याच्या झाकणाखाली फडक्याचा तुकडा घालावा, म्हणजे खडखड होत नाही. ओले कपडे वाऱ्याच्या बाजूला न टांगता आडोशाला टांगावे, नाहीतर गाडीभर धूळ. मुक्कामाच्या जागी पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांशी ओळख करावी, नळ त्यांच्या मर्जीवर असतो. उशाशी बॅटरी आणि शिट्टी ठेवावी.

आणि स्वयंपाक. एक स्टोव्ह, एक पातेलं, पाणी मोजकं, अशा संसाराला आपल्या प्रभू लोकांच्या भुजण्यासारखा पदार्थ नाही. काल हिने ताज्या बोंबलांचं केलं. लसूण, मिरची, हळद, कोथिंबीर, वर तेल, सगळं कच्चंच हाताने कालवलं आणि झाकण ठेवलं. ढवळायचं नाही की फोडणी नाही. दहा मिनिटांत तयार, घासायला एकच भांडं. बोंबील असे लुसलुशीत होते की ही कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. वीरेंद्ररावांना सांग, प्रवासात याहून सोपं काही नाही.

घाटाचं आणि मैलांचं सवडीने लिहितो. शकूला सांग, आई तिची आठवण काढते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
मनमोहन

॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई ४
ता. ६ डिसेंबर १९५७

मनमोहन,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते वर लिहायला हात होत नाही.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी आपल्या खालच्या मजल्यावरचा जयवंत परत आला. कुठून, ते सांगते. तीस तारखेला प्रतापगडावर समितीची निदर्शनं होती. जयवंत ट्रकमधून वाईवरून गेला होता. त्याचा घसा बसला आहे, तरी चाळभर सांगत सुटला आहे, की रस्ता माणसांनी नुसता फुलला होता, ट्रकमागे ट्रक, जागोजाग पोलीस, पाय ठेवायला जागा नाही. आणि त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, तू सतरंजी टाकून पेपर वाचलास. चिटपाखरू नव्हतं म्हणे.

तेही मी सोडून दिलं असतं. तुला राजकारणातलं कळत नाही, एखादा आडरस्ता धरला असशील, असं म्हटलं असतं. पण मनमोहन, वाईला ताजे बोंबील? सकाळी भाऊच्या धक्क्यावर घेतलेला बोंबील दुपारी गिरगावात पाणी सोडतो. तो घाट चढून वाईला लुसलुशीत कसा पोचला? जन्मभर दारावर कोळीण आली, म्हणून तुला वाटलं की जगात सगळीकडे येते. दुसऱ्या कोणाला ही चूक सुचलीही नसती.

मग मी तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून बसले. विटा, माठ, शेजारी, नळ, कपडे. सगळं उभ्या गाडीचं. चालत्या गाडीबद्दल एक अक्षर नाही. घाट नाही, टायर नाही, पेट्रोल नाही. वीरेंद्रने विचारलं तेही टाळलंस. तुझी गाडी हललेलीच नाही. तू मुंबईतच आहेस, आणि जिथे सकाळची कोळीण येते तिथे आहेस.

कुठे आहात आणि का? सुभद्राबाई काल तिसऱ्यांदा येऊन गेल्या. लोणावळ्याला त्यांचे भाचे असतात, तिथे अशी गाडी कोणी पाहिली नाही असं सहज बोलल्यासारखं बोलल्या. हे लग्न मोडलं तर ते तुझ्या खोटेपणाने मोडेल. उत्तर आठ दिवसांत आलं नाही तर मी गंगुबाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसेन.

यशोदा

॥ श्री ॥
अँटॉप हिल, मुंबई
ता. ९ डिसेंबर १९५७

ती. ताई, चरणी मस्तक.

वरचा पत्ता खरा आहे. कचेरीतला शामराव इथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो. त्याच्या इमारतीमागे टेकडीच्या उतारावर गाडी उभी आहे, भाऊबीजेच्या रात्रीपासून. वाईचं पत्र मी गुरुवारीच लिहून, पुढची तारीख घालून दगडूकडे दिलं होतं. मोर्चाचं डोक्यातच आलं नाही. बोंबलांचं तर तू लिहिलंस तेव्हा कळलं.

राजलक्ष्मीला क्षय आहे.

दसऱ्याच्या सुमारास कळलं. रोज इंजेक्शन, रोज ठरलेल्या वेळी गोळ्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की मोकळी हवा आणि विश्रांती हवी. चाळीतल्या दोन खोल्यांत मोकळी हवा कुठून आणू? आणि तिथे खोकला भिंतीपलीकडे ऐकू जातो. दादरला कळलं असतं तर शकूला कोणी पसंत ठेवलं असतं का? म्हणून ही गाडी. लग्न पार पडेपर्यंत आम्ही प्रवासात, असं ठरवलं. इंजेक्शनला मी तिला शीवच्या दवाखान्यात घेऊन जातो. ताप आता संध्याकाळीच येतो. बोंबील खाऊन ती खरोखर पोटभर जेवली होती, तेवढंच त्या पत्रात खरं होतं.

तुझ्यापासून लपवलं ते तुझ्या तिखट बोलण्याला भिऊन नाही. पंचवीस वर्षांपूर्वी भावोजी याच आजाराने गेले आणि सासरच्यांनी तुला घरातल्या पोराबाळांपासून दूर ठेवून शेवटी आमच्याकडे पाठवलं. ते सगळं पुन्हा तुझ्या डोळ्यांपुढे आणवेना. राजलक्ष्मीने एक ओळही लिहिली नाही, कारण तिला खोटं लिहिता येत नाही. बोटाला काही झालेलं नाही.

हात जोडून सांगतो ताई, हे पत्र वाचून जाळ. माघापर्यंत तोंडातून अक्षर काढू नकोस. पोरीचं लग्न तुझ्या हाती आहे.

मनमोहन

वन्संना नमस्कार. माझ्यामुळे शकूचं अडू देऊ नका. बाकी मला काही नको.
राजलक्ष्मी

॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई ४
ता. १४ डिसेंबर १९५७

चि. मनमोहन आणि सौ. राजलक्ष्मी यांस यशोदाचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जाळलं नाही. शकूला वाचून दाखवलं. ती पुष्कळ रडली आणि मग मला म्हणाली की आईला असं लपवून मिळालेलं घर तिला नको. तिचं म्हणणं मला पटलं. तुझं खोटं मला दोन पत्रांत सापडलं, सुभद्राबाईंना लग्नानंतर दोन महिन्यांत सापडलं असतं. तेव्हा पोर त्यांच्या दारात असती, आणि सासरी या आजाराचा संशय शिरला की सुनेचं काय होतं ते मी भोगलं आहे. काल ते पत्र पिशवीत घालून मी दादरला गेले. तुला विचारलं नाही. रागावायचं तर रागाव.

सुभद्राबाई एकट्याच होत्या. मी सगळं सांगितलं, माझ्या यजमानांचंही. त्यांनी ऐकून घेतलं. हो नाही, नाही नाही. उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मी प्याले आणि निघाले. वाटलं, संपलं. आता चार दिवसांत कोणाच्या तरी हाती नकाराची चिठ्ठी येईल.

तुला कधी सांगितलं नाही ते आज लिहिते. हे गेल्यावर सासरी माझा कप वेगळा केला होता. मी तिथे असेपर्यंत, दीड वर्ष, तो खिडकीत उपडा असायचा आणि त्याला माझ्याखेरीज कोणी हात लावत नसे. मला तोंडाने कोणी वाईट बोललं नाही. सगळं त्या कपावरून कळायचं. म्हणून दोन जिने उतरल्यावर मला राहवेना. चष्म्याचं घर विसरल्याचं सोंग करून मी परत वर गेले. मला त्यांचं उत्तर ऐकायचं नव्हतं, माझ्या कपाचं काय केलं ते बघायचं होतं.

सुभद्राबाई मोरीपाशी बसून कप धूत होत्या. चष्म्याचं घर माझ्या हातातच होतं, ते त्यांनी पाहिलं. मी कशाला आले तेही ओळखलं असावं. त्यांनी एक कोरडं फडकं माझ्या हातात दिलं. मी पुसायला बसले. मग त्या सावकाश बोलल्या. म्हणाल्या, तीनदा आले ते याचसाठी, काहीतरी लपवताय एवढं दिसत होतं, काय ते कळेना. शकूच्या छातीचा फोटो काढून आणा, वीरेंद्रचाही काढून मी तुमच्याकडे पाठवते, म्हणजे दोन्हीकडे सारखं. लग्न माघातच, पण हॉलमध्ये नको, पटांगणात मांडव घालू. तुमच्या भावाला म्हणावं ती गाडी मांडवाच्या तोंडाशी आणून लाव, विहीणबाई दारात बसून अक्षता टाकतील. रविवारी वीरेंद्र शकूला घेऊन टेकडीवर येतो आहे. मीही येते, बरोबर बोंबील आणते.

हे सगळं ऐकताना मी कप पुसत होते. एकसारखे सहा कप होते, सगळे एका ताटात पालथे घातले. माझा त्यातला कुठला ते मला कळलं नाही.

तुम्हा दोघांवर पहिल्याइतकाच जीव असलेली,
यशोदा