आमच्या हॉलमधला फितूर

मंगळवार, ६ जुलै १९४८. दुपारी ४ वाजून २० मिनिटं.

माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच वेताच्या खुर्चीत बसून, माझा सख्खा भाचा गंगाधर पाच वैमानिकांसमोर म्हणाला, "मावशी, ह्या घरातून बातम्या बाहेर जातात."

ह्या घरातून! मी मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस होते. माझ्या शाळेत परीक्षेचा पेपर कधी फुटला नाही.

झालं असं. वैमानिकांची युनियन आणि विमान कंपनी यांच्यात नव्या कराराची बोलणी चालू आहेत. जनरल मॅनेजर दस्तूर पाय सुजल्यामुळे लोणावळ्यातल्या त्यांच्या बंगल्यात पडून आहेत. म्हणून बोलणी तिथे. युनियनची मुलं राहतात माझ्याकडे, रस्ता ओलांडून. सगळे रजेवर, विमानं जमिनीवर. भांडण एकाच कलमाचं आहे: हवा खराब असेल तर उड्डाण करायचं की नाही, हे कोणी ठरवायचं? मुलं म्हणतात, कॅप्टनने एकट्याने. कंपनी म्हणते, आमच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने.

फारच अडलं तर "दोघांनी मिळून" इथपर्यंत खाली यायचं, असं मुलांनी रविवारी माझ्या हॉलमध्ये दार लावून ठरवलं. आज मुलांनी तोंड उघडण्याआधीच दस्तूर म्हणाले, "दोघांनी मिळून ठरवा नी, मी सही करते."

म्हणजे घरात फितूर आहे. मी त्याला शोधून काढणारच.

मंगळवार, रात्री जेवणाआधी.

पहिला संशय बजरंगवर. आमचा स्वयंपाकी, मळवलीचा. उलटतपासणी घेतली. म्हणतो, "बाईसाहेब, त्यांचं समदं इंग्रजीत चालतं. मी तितं जाऊन काय सांगनार? बटाटं उकडलं म्हनून?"

उद्धट. त्याला बाजारात जायची बंदी केली. पाव-लोणी मी स्वतः आणीन.

मीही काल दस्तूरांकडे गेले होते, पण ते निराळं. मी खडसवायला गेले होते. म्हटलं, "मुलं बिचारी दोघांनी मिळून ठरवू म्हणायला तयार आहेत, आणि तुम्ही ताठून बसलात? लाज वाटत नाही?" वाटली असावी. मान खाली घालून काहीतरी लिहीत होते.

बुधवार, ७ जुलै.

बोलणी फिसकटली. मुलं "दोघांनी मिळून" आता घेणार नाहीत. दोघांचं एकमत झालं नाही तर काय, आकाशात मतदान घ्यायचं का, असं कॅप्टन लोबोने विचारलं म्हणे. लोबो युनियनचा सेक्रेटरी. गोव्याचा. फार हसतो. मला "ऑन्टी" म्हणतो. बजरंगनंतर ह्याच्यावर नजर ठेवायची.

गंगाधर जेवला नाही. गेल्या महिन्यात हवा खराब म्हणून तो नागफणीच्या डोंगराजवळून विमान परत घेऊन गेला, म्हणून कंपनीने त्याच्यावर चौकशी लावली आहे. सोमवारी निकाल. कलम मिळालं नाही तर त्याची नोकरी गेली.

त्या सकाळी मी अंगणात होते. ढग पार जांभळाच्या झाडापर्यंत उतरले होते. वरून विमानाचा आवाज आला. दिसत काहीच नव्हतं. आवाज डोंगराकडे गेला. मग थांबल्यासारखा झाला. मग वळला आणि पुण्याकडे गेला. आत कोण होतं ते मला संध्याकाळी कळलं. ह्याबद्दल अधिक लिहीत नाही.

गुरुवार, ८ जुलै.

पाव आणायला निघाले. वाटेतच दस्तूरांचं फाटक. त्यांना दोन शब्द सुनावणं हे कर्तव्यच होतं. "बेसा नी बाई, चाय घ्या," म्हणाले. मी चहा घेतला, पण कडक चेहऱ्याने. म्हटलं, "लाहोर सोडून आलेली दोन मुलं आहेत आमच्याकडे. घर चालवायचंय त्यांना. शनिवारनंतर ती कामावर परत जाणार, मग बाकीचेही मोडतील. हे पाप तुमच्या माथी!"

दस्तूर हेलावले. मला दुसरा कप दिला, आणि निघताना पावसासाठी स्वतःची छत्री.

संध्याकाळी त्यांचा निरोप: तब्येत बरी नाही, आता बोलणी सोमवारी.

गंगाधर म्हणाला, "शनिवारचं त्याला कसं कळलं?" बजरंग तर दिवसभर घरात होता. तेव्हा फितूर लोबोच. मी गंगाधरला तसं स्पष्ट सांगितलं. त्याने टेबलावरचा पाव उचलून उलटसुलट पाहिला. मग त्याने विचारलं, "मावशी, पाव कुठून आणलास?" भुकेला असेल पोर.

शुक्रवार, ९ जुलै.

सकाळी लोबो स्वयंपाकघरात आला. दार लोटून घेतलं. कबुली देणार असं वाटलं, पण त्याने मला विश्वासात घेतलं. कलकत्त्याच्या एका कंपनीने सगळ्या वैमानिकांना बोलावलं आहे. लाहोरच्या दोघांनाही. रविवारी सामानासकट निघायचं. "ऑन्टी, कोणाला सांगू नका. दस्तूरना तर नाहीच नाही."

मला शिकवतो! मी शपथ घेतली. हा फितूर नाही, हेही कळलं. फितुराने एवढं गुपित मला सांगितलं नसतं.

शुक्रवार, दुपार.

दस्तूरांकडे फक्त त्यांची छत्री परत द्यायला गेले. कलकत्त्याचं अक्षरही काढलं नाही. एवढंच विचारलं, की हुगळीकाठची हवा मराठी मुलांना मानवते का, आणि इथे वैमानिक उरलेच नाहीत तर विमानांच्या चाकांना गंज चढतो का.

दस्तूर सुजल्या पायावर उभे राहिले आणि आत टेलिफोनकडे गेले. मला निरोपही दिला नाही. शिष्टाचार म्हणून नाहीच.

शनिवार, १० जुलै.

सही झाली! हवामानाबाबत कॅप्टनचा शब्द अखेरचा. गंगाधरवरची चौकशी मागे. माझ्या खडसवण्याचा परिणाम उशिरा झाला, पण झाला.

गंगाधर दोन वेळा भात घेऊन जेवला. मी त्याच्याकडे पाहत होते. माझ्या चष्म्यावर वाफ आली होती.

रविवार, ११ जुलै.

मुलं निघाली. मी विचारलं, "मग कलकत्त्याची गाडी किती वाजता?" सगळे एकमेकांकडे बघून हसले. गंगाधर म्हणाला, "कुठलं कलकत्ता, मावशी? आम्ही उद्यापासून इथेच कामावर."

म्हणजे लोबो माझ्याशी धडधडीत खोटं बोलला. आणि वर माझा हात हातात घेऊन म्हणतो, "ऑन्टी, पुढच्या कराराच्या वेळीही आम्ही तुमच्याकडेच उतरणार. तुम्ही मात्र घरी हव्यात."

फितुराचं काय, असं विचारलं. गंगाधर म्हणाला, "सापडला. आम्ही त्याला माफ केलं." नाव सांगेना. दारात बजरंग पदराआड हसणाऱ्या बाईसारखा फडक्याआड हसत होता. "बाईसाहेब, आता तरी मला बाजारात जाऊ द्या. तुमी गेलात की लय उशीर हुतो."

रविवार, सायंकाळी ६.

युनियनला लिहायचा मजकूर: माझ्या घरात राहून फितुरी करणाऱ्या इसमाचं पूर्ण नाव, तसंच कॅप्टन लोबो माझ्याशी खोटं का बोलले याचं कारण, सेक्रेटरीच्या सहीने लेखी कळवावं. उत्तर गुरुवार, १५ जुलै, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. अन्यथा सगळा प्रकार मी स्वतः जाऊन मिस्टर दस्तूर यांच्या कानावर घालीन.