डाव्या कोपऱ्यातला ठसा

मी, नेलिदा एचेगोयेन, वय एकाहत्तर, धंदा टेनिस (निवृत्त लिहा, माजी लिहू नका), राहणार पायसांदू, उरुग्वे, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरात बसून नोटरी इर्मा सागास्ती यांना सांगून लिहवीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणंघेणं नाही असं इर्माबाई म्हणतात. डॉक्टरांच्या मते मी येता हिवाळा काढेन, वसंत नाही. मला नवरा नाही, मूलबाळ नाही; तेव्हा माझं मी कोणाला द्यायचं हे मीच ठरवणार.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या दिवंगत भावाचा मुलगा एदिसन यास मिळावी. पोरगा वाईट नाही. पण माझ्याच टेबलावर, मी भाजलेलं मांस चावत तो म्हणाला, "आत्या, मागे सिमेंट ओतू या. गाड्या उभ्या करायला भाड्याने देता येईल." म्हणून घर त्याला, मागचं टेनिसचं कोर्ट नाही. कलम ४ पाहावे.

कलम २. सर्व चषक शहरातील क्लबास द्यावेत. युरोपात मी आठ वर्षं खेळले. तिथल्या पोरींबरोबर प्रशिक्षक, मालिशवाला आणि आई असायची. माझ्याबरोबर कडू हिरव्या चहाचा तुंबा आणि दोन रॅकेटी. हॉटेलच्या बेसिनात कपडे धुतले, आगगाडीच्या बाकावर झोपले, आणि रोममध्ये एका मानांकित बाईला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. पेपरात आलं, "ही कोण?" कोण म्हणजे? वीटभट्टीवाल्या एचेगोयेनची मुलगी! याच क्लबाने मला लहानपणी मागच्या दाराने आत घेतलं होतं. चषक पुढच्या दारात ठेवावेत, ही अट.

कलम ३. लाकडी रॅकेट माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावी. हातात द्यावी, पायाशी टाकू नये.

कलम ४. कोर्ट. बाबांनी भट्टीतल्या फुटक्या विटा कुटून, चाळून ते स्वतः केलं. त्याला रोज पाणी मारावं लागतं, झाडावं लागतं. लेकरासारखं करावं लागतं. विटेच्या भुकटीवर चेंडूचा ठसा उमटतो आणि आमच्यातले वाद ठसा बघून मिटतात. समोरचीचा चेंडू आत पडला हे आपल्याला पटलं, की आपण होऊन तो ठसा बुटाने पुसायचा. बोलावं लागत नाही. जिने पुसला तिने गुण दिला.

हे कोर्ट मी एल्विरा बिदार्त हिला देते. हो, तिलाच. १९७४ साली राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात मला जिंकायला एकच गुण हवा होता. माझा फटका तिच्या डाव्या कोपऱ्यात, रेषेवर पडला. पंच खुर्चीवरून उतरून बघायला आले, तर या बयेने शेजारचाच एक जुना ठसा दाखवला, रेषेबाहेरचा. पंचांनी तो मानला. पुढे सामना तिने जिंकला. तेव्हापासून दर रविवारी ती माझ्याकडे खेळायला येते, दर रविवारी मी विचारते, आणि ती म्हणते, "बाहेर होता गं."

पण खेळ संपल्यावर कोर्ट झाडावं तर एल्विरानेच. जिंको वा हरो, झाडू आधी तिच्या हातात असतो. माझ्यामागे ते जगवेल अशी दुसरी कोणी नाही.

अट एकच. तो चेंडू आत होता हे तिने साक्षीदारांदेखत कबूल करावं. न केल्यास कोर्ट एदिसनला जाईल, तो सिमेंट ओतेल, आणि ते पाप एल्विराच्या माथी.

कलम ५. आज जे घडले त्याची नोंद. एल्विरा साक्षीदार म्हणून आली होती. कलम ४ वाचून झाल्यावर इर्माबाई तिला म्हणाल्या, "तुम्हाला काही मिळणार असेल तर तुमची सही चालणार नाही."

"सही गेली खड्ड्यात," एल्विरा उठली. "नेलिदा, म्हातारचळ लागला का गं तुला? चेंडू बाहेर होता."

"मग सिमेंट."

"धमकावतेस मला?"

"हो."

"आणि हे हिवाळ्याचं काय लिहिलंयस? कधी सांगणार होतीस?"

"आत्ताच सांगितलं की."

ती मागच्या दाराने बाहेर गेली. मला वाटलं, संपलं, गेलं बाबांचं कोर्ट.

खिडकीतून कोर्ट दिसतं. ती चालत डाव्या कोपऱ्यात गेली. कोर्ट सकाळीच झाडलेलं, तिथे एकही ठसा नव्हता. रेषेपाशी मान खाली घालून ती उभी राहिली. मग बुटाच्या तळव्याने तिने तिथली भुकटी पुसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि कोपऱ्यातला झाडू उचलला.

इर्माबाई म्हणाल्या, "पण तोंडाने कबूल केलेलं नाही."

मी म्हटलं, "बाई, आमच्यात असंच कबूल करतात. लिहा, अट पूर्ण झाली." साक्षीदारांनीही खिडकीतून पाहिलं आहे. मी रडले, तेही त्यांनी पाहिलं. ते लिहायची गरज नाही.

साक्षीदार:
१. ओराल्दो पिरिस, बेकरीवाले
२. झुल्मा फ्रोस्ते, शिक्षिका
३. एल्विरा बिदार्त (नाव खोडले, वारस असल्याने अपात्र). तिच्याऐवजी नीरिया काब्रेरा, शेजारीण

ठिकाण: पायसांदू
दिनांक: १४ मे २०१९

सही:
नेलिदा एचेगोयेन
राष्ट्रीय विजेती, १९७४