आकडेवारीपुरता विवाहित

३ नोव्हेंबर. शहापूर, दुपार.
दीड लिटर पाणी पाजून, 'ब्लॅडर फुल झालं की सांगा' असं बजावून सोनोग्राफीवाला चहाला निघून गेला. नव्या न्यायसंहितेत या गुन्ह्याला कलम नाही. पस्तीस मिनिटं भिंतीवरचा गरोदर मातांचा तक्ता पाहत मनात धातुरूपं चालवत बसलो. भविष्यकाळापर्यंत पोचलो नाही.
प्रोस्टेट वाढलंय. रक्तातला पीएसए चोवीस. चारच्या आत हवा. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नसेलही, पण कल्याणला बायोप्सी करून घ्या. तोवर रोज एक गोळी लिहून दिली. तारीख २५. सोबत घरचं माणूस आणा म्हणाले. हो हो म्हटलं.
केसपेपरवर 'विवाहित' या शब्दापुढे ठळक टिक केली. वत्सला जुलैत भातलावणीसाठी भावाकडे टोकावड्याला गेली आहे, एवढंच.

५ नोव्हेंबर
वाचन केलं. परदेशी अभ्यास, हजारो रुग्ण. या कॅन्सरमध्ये विवाहित पुरुष हे अविवाहित, घटस्फोटित, विधुर अशा सगळ्यांपेक्षा जास्त जगतात. बायको म्हणे वेळेवर डॉक्टरकडे पिटाळते, गोळ्या देते, नीट खायला घालते. मी विवाहितांत. म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. बायको त्याच घरात हवी, असं कुठेही म्हटलेलं नाही. दोनदा तपासलं.
संकल्प: गोळी रोज जेवणानंतर. स्वयंपाक स्वतः.

७ नोव्हेंबर
गोळी दोन्ही दिवस राहिली. खिचडी करपली. दोष कुकरचा.
वास आला म्हणून शेजारची जनाबाई खिडकीत. वहिनी कदी येतंय रे भाऊ, म्हणाली. मी समजावलं: आधी लावणी, मग बेणणी, मग कापणी, आता झोडणी. ती म्हणाली, 'दिवालीलाबी सोडली नाय तिला? कोनचा एवढा शेत हाय तो?'
शेतीविषयी लोकांचं ज्ञान फार कमी होत चाललंय.

९ नोव्हेंबर
वत्सलाला फोन करायचं ठरवलं. केला नाही. आजार सांगून बोलावणं म्हणजे याचना. शिवाय ती रागावली आहे असा लोकांचा समज दृढ व्हायचा. राग कसला? जूनमध्ये स्कूटी शिकताना ती पंचायत समितीसमोरच्या गटारात गेली, त्यावर मी आमच्या साप्ताहिकात 'गटारावतरण' हा ललित लेख लिहिला. वाचकांना भयंकर आवडला. टोकावड्यातही चावडीवर मोठ्याने वाचला गेला म्हणे.
निर्णय: लेखानेच बोलवायचं. गुरुवारी अंकांचा गठ्ठा एसटीने टोकावड्याला जातो. शीर्षक: 'प्रोस्टेट कॅन्सर: विवाहितांना दिलासा'. शेवटचं वाक्य: 'मात्र घरचं माणूस जवळ हवं.' सूचक आणि शालीन. समजेल तिला.

१३ नोव्हेंबर
संपादकांनी शीर्षक बदललं: 'लग्न करा, कॅन्सर पळवा!' खाली वधूवर मेळाव्याची जाहिरात. जागेअभावी एकच वाक्य कापलं. शेवटचं.

१५ नोव्हेंबर
मेव्हण्याचा, भगीरथचा फोन. दाजी, लेख झ्याक हाय म्हणाला. त्यांच्या गल्लीतला लडकू पन्नाशीचा बिनलग्नाचा, तो आता कुनीबी चालंल म्हनतंय. स्वतःच हसत सुटला. हसू ओसरल्यावर मी सहज विचारलं, ताईने वाचला का? म्हणाला, ताई तुमचा पेपर हातात धरत नाय. झोडणी कुठवर आली, विचारलं. 'झोडनी? ती कवाच झाली, दाजी. मशिन आनला व्हता.'
यंत्रांनी शेतीचं वाटोळं केलंय.

२० नोव्हेंबर
कल्याणच्या हॉस्पिटलातून एका मुलीचा फोन. सोबत कोण, नाव-नंबर सांगा सर. मिसेस येतील ना? शेतीची कामं आहेत, म्हटलं. कोणी पण चालेल सर, सहीपुरतं, म्हणाली. तरी वत्सलाचाच नंबर दिला. कागदोपत्री.

२१ नोव्हेंबर
त्या मुलीने खरंच तिला फोन केला. मग वत्सलाचा मला. साडेचार महिन्यांत पहिला.
म्हणाली, 'मी गटारात पडले ते सगल्या तालुक्याला सांगितलंत. आनि हे मला एकटीला सांगता आलं नाय तुमाला?'
मी लेखाचा उल्लेख केला. तिने फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा केला. २५ला येते, सही करते, संध्याकाळच्या गाडीने परत जाते. गोळी घेतली का, विचारलं. घेतली म्हटलं. खोटं.

२५ नोव्हेंबर
थेट हॉस्पिटलात आली. फॉर्मवर नात्यापुढे 'पत्नी' लिहिलं. जिथून बायोप्सी घेतात त्याविषयी मौन पाळतो. बाहेर आलो तेव्हा ती बाकावर बसली होती. डब्यातली भाकरी-भाजी समोर धरली आणि मी संपवेपर्यंत उठली नाही. काही विनोदी सुचलं होतं, ते गिळलं. साडेचारच्या मुरबाड गाडीने गेली.
रिपोर्ट दहा दिवसांनी. वाईट आला तर येते म्हणाली.
कॅन्सरची भीती वाटते. पण रिपोर्ट चांगला आला तर ती कशासाठी येईल, ते मला सुचत नाही. जास्त भीती त्याची वाटते.