बूट घालून तुडवलेला कोपरा

नाही बाबा, कोर्टावर रूळ फिरवला की झालं, असं मी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलेलं, रूळ असताना पाय कशाला? तू अर्धंच ऐकायचास आणि आईला सांगायचास, पोरगा आळशी हाय. वाशीच्या क्लबात आपण दोघं टेनिसची कोर्टं राखायचो, तेव्हा सगळे हसायचे आपल्याला. आपलं मिठागर बुजलं, त्यावर बिल्डिंगी आल्या, आणि हा आगरी बाबा टेनिसच्या मातीत मीठ मिसळतोय. सेक्रेटरी म्हणायचे, "काय हो, बोंबील खारवताय का?" तू शांतपणे म्हणायचास, "सायेब, मीठ पानी धरतं. माती उडनार नाय." आणि खरंच उडायची नाही. मग चप्पल काढून, मिठागराचं तळ तुडवतात तसं अख्खं कोर्ट टाचेने तुडवायचास. टाच जरा जरी आत गेली की म्हणायचास, "हितं खाली पानी हाय," आणि ती जागा उकरून पुन्हा भरायचास.

त्या वर्षी बायकांची मोठी स्पर्धा आली. सिंगल्स, बक्षिसाच्या पैशांवर खेळणाऱ्या, देशोदेशीच्या पोरी. क्लबाने आपल्या दोघांना पांढरे कॅनव्हासचे बूट दिले. तुझे तू कागदात गुंडाळून घरी ठेवलेस. मी सतरा वर्षांचा, शाळा सोडलेला, आयुष्यात पहिल्यांदा नवे बूट. सकाळी तू नेटकडून तुडवत येतोयस, मागचा डावा कोपरा माझ्याकडे. "बूट काढ रं," तू ओरडतोस. "काढतो, तू हो पुढे." शेजारच्या कोर्टावर पोरी सराव करतायत, त्यांच्यासमोर मी चिखलात अनवाणी नाचू? नाही काढले. बुटातून काय कळणार, खाली घट्ट आहे की भुसभुशीत?

दुसऱ्या सेटला ती उंच पोरगी चेंडूमागे त्याच कोपऱ्यात धावते. पाय आत जातो, अंग पुढे जातं. गुडघा धरून बसते आणि मातीकडे बघत राहते. तिला उचलून नेल्यावर सेक्रेटरी विचारतात, "हा कोपरा कोणी केला?" मी बुटांकडे बघतोय. तू म्हणतोस, "मीच केला, सायेब." उद्यापासून येऊ नको, म्हणाले तुला. घराच्या दारात एवढंच म्हणालास, "बूट पुसून ठेव. माती सुकली की निघत नाय." त्याच्यापेक्षा दोन कानाखाली दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुला जाऊन आता सात वर्षं झाली. मी इथे मस्कतला एका हॉटेलच्या कोर्टांवर आहे, कारण मातीत मीठ किती घालायचं ते मला येतं. उद्या सकाळी इथे बायकांची सिंगल्स सुरू होतेय. कामावर बूट सक्तीचे आहेत. आज दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी काढले आणि टाचेने फिरलो. बाबा, मागच्या कोपऱ्यात टाच आत गेली. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणतो, "रूळ फिरवलाय, चांगला दिसतोय, गप्प बस. मॅच पुढे ढकलली तर आधी तुझं तिकीट निघेल." पासपोर्ट त्यांच्याच कपाटात आहे.

मी बोलणार आहे. सकाळी मोठ्या साहेबांसमोर बूट काढून त्या कोपऱ्यात उभा राहणार. काय होईल माहीत नाही, आणि मला फार भीती वाटतेय. तुला हे सांगायचं होतं की त्या दिवशी मीसुद्धा बोलू शकलो असतो. तोंड उघडायला फक्त एक पाऊल पुढे यायचं होतं. हे पत्र टाकणार कुठे, ते राहील माझ्याच पेटीत. आईला मात्र आजच पैसे पाठवून आलो, दर महिन्यासारखे दोन हजार नाहीत, कारण पुढच्या महिन्यात इथे असेन की नाही ठाऊक नाही. होते तेवढे सगळे. अकरा हजार चारशे रुपये.